पांढुर्णा-सौंसरवर संशोधन करायचे तर : साधने, नियम आणि शोधाच्या वाटा

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, सातपुड्याच्या घाटाखाली आणि नागपूरच्या मैदानाला लागून पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषक पट्टा आहे. घरची बोली मराठी, शाळा-कार्यालयांची भाषा प्रामुख्याने हिंदी, बाजारपेठ नागपूरची आणि राजधानी भोपाळ, अशी या भागाची रचना आहे. भाषाशास्त्र, इतिहास, भूशास्त्र, शेती आणि लोकसंस्कृती या पाचही विषयांच्या अभ्यासकाला येथे विपुल सामग्री मिळू शकते. तरीही या भागावर काम करू पाहणारा विद्यार्थी अनेकदा ‘काहीच उपलब्ध नाही’ असे म्हणून विषय बदलतो.

सामग्री उपलब्ध असते. ती दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या गावात आणि पुष्कळदा दुसऱ्या राज्यात ठेवलेली असते. ज्या काळातला कागद हवा, त्या काळात हे गाव कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या विद्यापीठाच्या कक्षेत होते, हे आधी ठरवले तर निम्मा शोध पूर्ण होतो. गोव्यातील वाचकाला ही अडचण अपरिचित नाही. गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ सालची. त्यापूर्वीच्या विद्यापीठीय नोंदी मुंबई विद्यापीठाच्या नावावर शोधाव्या लागतात आणि १९६१ पूर्वीची दप्तरे पोर्तुगीज भाषेतून वाचावी लागतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो. पांढुर्णा-सौंसर हे त्याचे नमुनेदार उदाहरण असल्याने या लेखात त्या भागापुरती साधने आणि नियम एकत्र दिले आहेत.

आधी काळ, मग नाव

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा प्रदेश देवगडच्या गोंड राज्याचा भाग होता. देवगडचा किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे आणि नागपूर शहराची उभारणी करणारा बख्त बुलंद हा याच घराण्यातला राजा. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. या काळातील नोंदी ‘देवगड’ आणि ‘नागपूर’ या दोन्ही नावांखाली पाहाव्या लागतात. ‘छिंदवाडा’ हे नाव तेव्हा प्रशासकीय दृष्ट्या आजइतके ठळक नव्हते.

तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढची काही वर्षे ‘नागपूर प्रांत’ हे नाव राहिले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि छिंदवाडा हा त्याचा एक जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी हा जिल्हा नर्मदा विभागात मोडत होता. त्यामुळे नागपूर विभागाचे अहवाल चाळून सौंसर न सापडल्यास आश्चर्य वाटू नये. १९०३ मध्ये वऱ्हाड जोडला गेल्यावर ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हे नाव रूढ झाले. १९५० मध्ये त्याचेच ‘मध्य प्रदेश’ झाले आणि राजधानी नागपूरच राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना हा या सर्व इतिहासातला निर्णायक टप्पा होय. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. सौंसर तहसिलीपासून नागपूर जवळ असूनही दप्तराची वाट भोपाळकडे वळली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ही सीमा कायम झाली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला.

यातून शोधासाठी सोपा नियम मिळतो. १८५३ पूर्वीसाठी ‘देवगड’ व ‘नागपूर’, १८६१ ते १९५० साठी ‘मध्य प्रांत, छिंदवाडा जिल्हा, सौंसर तहसील’, १९५० ते २०२३ साठी ‘मध्य प्रदेश, छिंदवाडा’ आणि त्यापुढे ‘पांढुर्णा जिल्हा’ असे शब्द वापरावेत. ब्रिटिशकालीन नोंदींत पांढुर्णा हे गाव सौंसर तहसिलीत येते, हेही ध्यानात ठेवावे.

नावाच्या लेखनातही भेद आहेत. हिंदीत ‘पांढुर्ना’ आणि ‘पांढुरना’ अशी रूपे दिसतात, मराठीत ‘पांढुर्णा’. रोमन लिपीतील जुन्या नोंदींत ‘ढ’चा महाप्राण कधी गळतो आणि ‘सौंसर’मधला अनुनासिक कधी लिहिला जातो, कधी नाही. संगणकीय शोधात एकच रूप घालून थांबल्यास अनेक नोंदी हातून निसटतात.

आकडे वापरताना

जनगणनेचे आकडे घेताना जिल्ह्याची सीमा तपासणे अनिवार्य आहे. शेजारचा सिवनी जिल्हा १९३० च्या दशकाच्या आरंभी छिंदवाड्यात विलीन झाला होता आणि १९५६ मध्ये पुन्हा वेगळा झाला. त्यामुळे १९४१ आणि १९५१ च्या छिंदवाड्याची तुलना १९२१ किंवा १९६१ च्या छिंदवाड्याशी थेट करता येत नाही. जिल्ह्याऐवजी तहसील किंवा गाव हे परिमाण घेतल्यास ही चूक टळते.

२०११ च्या जनगणनेत ‘पांढुर्णा जिल्हा’ नाही. त्या वर्षीचे आकडे छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींचे म्हणून घ्यावे लागतात आणि प्रबंधात तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी असलेल्या जनगणनेनंतर तुलना करताना हा उल्लेख उपयोगी पडेल.

मातृभाषेच्या कोष्टकांना आणखी एक अट आहे. जनगणनेत अनेक मातृभाषा एका मोठ्या भाषेच्या गटात मोजल्या जातात. या भागातील पवारी बोलीची गणना हिंदीच्या गटात होते. मराठी, हिंदी, गोंडी आणि पवारी यांचे परस्परसंबंध अभ्यासणाऱ्याने केवळ भाषानिहाय बेरीज न पाहता मातृभाषानिहाय तपशीलही पाहावा. भाषिक अल्पसंख्याकांच्या शिक्षणाविषयी भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवाल हे अधिकृत साधन आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद ३५०-ख नुसार हे पद निर्माण झाले. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीसंबंधीचा अनुच्छेद ३५०-क याच दुरुस्तीतला आहे. मराठी शाळांच्या प्रश्नावर लिहिणाऱ्याने या दोन अनुच्छेदांपासून आरंभ करावा.

ग्रंथ आणि दप्तरे

छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील शिलालेख-ताम्रपटांची वर्णनात्मक यादीही तयार केली आहे. इम्पिरियल गॅझेटियरमध्ये छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा गावाचीही नोंद आढळते. हे ग्रंथ स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेरचे असल्याने इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत विनामूल्य वाचता येतात. मात्र त्यांतील जातिविषयक विधाने वसाहतकालीन दृष्टीतून आलेली आहेत. ती माहिती म्हणून घ्यावीत, निष्कर्ष म्हणून घेऊ नयेत.

प्राचीन इतिहासासाठी वाकाटक ताम्रपट महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट ‘पांढुर्णा ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. छिंदवाडा जिल्ह्यातील दुधिया येथील ताम्रपटही याच राजाचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाची सुरुवात तेथून करावी. ताम्रपट जेथे सापडला ते गाव आणि त्यात दान दिलेले गाव एकच असेल असे नाही, हा सावधगिरीचा नियम येथेही लागू आहे.

भोसलेकाळासाठी रिचर्ड जेन्किन्स यांचा १८२७ चा नागपूर राज्याविषयीचा अहवाल आणि नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे प्रकाशित खंड उपलब्ध आहेत. मूळ मराठी कागद मोडी लिपीत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची नागपूर येथे शाखा आहे. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर असल्यामुळे त्या काळातील कागदांसाठी पहिली विचारणा तेथे करावी आणि दुसरी भोपाळच्या अभिलेखागारात. संचालनालयातर्फे मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्गही घेतले जातात. इतिहासाचा विषय घेणाऱ्याने नोंदणीपूर्वीच मोडी शिकून घ्यावी; प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी ते जमत नाही. केंद्र सरकारच्या दप्तरांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे. तेथे नोंदणी करून घरबसल्या कागद पाहता येतात.

गावपातळीवरच्या अभ्यासात महसुली कागद कळीचे ठरतात. महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, तेथे मध्य प्रदेशात खसरा आणि बी-१ मागावा लागतो. मालगुजारीच्या काळातील हक्क, चराई, वाटा आणि जंगलाचा वापर यांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘निस्तार पत्रक’ या कागदांत असते. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. त्यापूर्वीची परिस्थिती जाणण्यास ‘मिसल बंदोबस्त’ हा आधार आहे. जिल्हा नवा असल्यामुळे जुन्या नकलांसाठी छिंदवाड्याच्या जिल्हा अभिलेखागारातही अर्ज करावा.

अर्जाला उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा मार्ग मोकळा आहे. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. याच कायद्याच्या कलम ८(३) नुसार २० वर्षांहून जुन्या घटनांविषयीची माहिती मोजके अपवाद वगळता नाकारता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हे कलम तोंडपाठ असावे.

आधीचे प्रबंध कोठे शोधावेत

विषय निवडण्यापूर्वी त्यावर काय झाले आहे, हे पाहणे हा संशोधनाचा पहिला नियम. येथेही स्थलांतराचा इतिहास आडवा येतो. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि मध्य प्रांताचे उच्च शिक्षण त्याच्याशी जोडले गेले. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले. पुढे छिंदवाड्याकडील महाविद्यालये सागर आणि नंतर जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयाशी संलग्न राहिली. २०१९ मध्ये छिंदवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, तेच आजचे राजा शंकर शाह विश्वविद्यालय. म्हणून सौंसरवरचा प्रबंध छिंदवाड्याच्या यादीत नसला, तरी सागर, जबलपूर, नागपूर किंवा अमरावतीच्या यादीत असू शकतो.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार पूर्ण झालेल्या प्रबंधांसाठी आहे आणि ‘शोधगंगोत्री’ हे मंजूर झालेल्या आराखड्यांसाठी. दोन्ही पाहावीत. जुने प्रबंध संगणकावर आलेले नसल्यास विद्यापीठ ग्रंथालयात प्रत्यक्ष जावे लागते. जाताना स्वतःच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचे पत्र आणि ओळखपत्र सोबत असले, तर बाहेरच्या वाचकाला प्रवेश मिळणे सुलभ होते.

नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ, १९२३ पासूनचा विदर्भ साहित्य संघ आणि १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय ही तीन ठिकाणे या विषयाच्या अभ्यासकाने चुकवू नयेत. छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्यासाठी मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे.

भाषेचा अभ्यास

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा असून तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूर आणि लगतच्या जिल्ह्यांतील मराठीची नोंद त्यात ‘नागपुरी’ या नावाखाली आहे. शतकापूर्वीच्या या नमुन्यांशी आजची बोली ताडून पाहणे हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकतो. हे खंड शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश ही तीनही साधने तेथे शब्द घालून शोधता येतात.

पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण व प्रतिमांकन हाती घेतले. त्यातील ध्वनिमुद्रणे आणि नकाशे अभ्यासकांसाठी खुले आहेत. शब्दनिहाय आणि व्याकरणनिहाय प्रश्नावली कशी बांधावी, याचा नमुना म्हणूनही ते उपयोगी आहेत. महाराष्ट्रातील बोलीचे नमुने तेथे ऐकून सीमेपलीकडच्या पांढुर्णा-सौंसरमध्ये तीच प्रश्नावली वापरल्यास तुलना नेमकी होते.

ही कामे तातडीची आहेत. ज्या पिढीचे शालेय शिक्षण आणि वाचन मराठीतून झाले, ती आता वृद्ध आहे. पुढच्या पिढीचे लेखन हिंदीतून होते. शेतीची अवजारे, बैलांचे साज, संत्र्याच्या बागेतली कामे, लग्नविधी यांचे शब्द लिखित रूपात नसले तर बोलणाऱ्याबरोबर जातात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा लाभ ग्रांथिक मराठीपुरता मर्यादित राहू नये असे वाटत असेल, तर सीमेवरच्या बोलींची नोंद आधी व्हायला हवी.

खडक, माती आणि संत्रा

भूशास्त्राच्या जगात ‘सौंसर’ हे नाव या गावाहून प्रसिद्ध आहे. मँगेनीज धातुक धारण करणाऱ्या प्राचीन रूपांतरित खडकांच्या एका समूहाला ‘सौंसर गट’ म्हणतात. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मर यांनी भारतातील मँगेनीजवरचा विस्तृत ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला आणि एका खडकप्रकाराला गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय नागपूरला आहे. सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ हे संकेतस्थळ नकाशे आणि अहवाल उपलब्ध करून देते. शोध घेताना गाव म्हणून सौंसर आणि खडकगट म्हणून सौंसर असे दोन्ही प्रकारचे निकाल एकत्र येतात, ते वेगळे करावे लागतात.

शेतीच्या अभ्यासकाला सीमेची अडचण तुलनेने कमी आहे, कारण महत्त्वाच्या संस्था केंद्र सरकारच्या आहेत. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो या तिन्ही नागपुरात आहेत. राज्याच्या बाजूने जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि त्याचे छिंदवाडा येथील संशोधन केंद्र आहे. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यावर काम करताना ‘नागपुरी संत्रा’ या नावाखालचे शोधनिबंध आधी वाचावेत. वाण तोच आहे, राज्य वेगळे आहे.

गोटमार आणि अभ्यासकाचे भान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार देशभर चर्चिली जाते. नदीपात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरचा झेंडा मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगड मारले जातात. दरवर्षी माणसे जखमी होतात, मृत्यूही झालेले आहेत. प्रशासनाने ही प्रथा थांबवण्याचे वा सौम्य करण्याचे प्रयत्न केले, तरी ती चालू आहे.

हा विषय घेणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. पहिले, प्रेमी युगुलाची जी कथा सांगितली जाते, ती लोककथा म्हणून नोंदवावी. तिला ऐतिहासिक घटना म्हणू नये. तिची किती रूपे आहेत आणि कोण कोणते रूप सांगतो, हाच अभ्यासाचा गाभा आहे. दुसरे, माणसांवर आधारित संशोधनासाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. माहितीदात्याची लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती घ्यावी आणि जखमी, मृतांचे नातेवाईक वा अल्पवयीन यांची ओळख उघड करू नये. तिसरे, एका दिवसाची गोटमार पाहून निबंध लिहू नये. उरलेल्या ३६४ दिवसांत ही दोन गावे एकमेकांशी सोयरीक, शेती आणि व्यापार कसा करतात, हे पाहिल्याखेरीज त्या दिवसाचा अर्थ लागत नाही.

पीएच.डी.चे नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयक विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

- पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांसह, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह उत्तीर्ण असणारा विद्यार्थी पात्र ठरतो. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत असते.
- किमान कालावधी ३ वर्षे, कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढू शकतात. महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे मिळतात.
- एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पर्यंत विद्यार्थी असू शकतात.
- प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आयोगाची सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पाहावा.
- एम.फिल. ही पदवी बंद झाली आहे.

जून २०२४ पासून नेट परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो आणि तिसरा गट केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी आहे. त्या गुणांची मुदत एक वर्षाची असते. या गुणांवर प्रवेश देताना परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

शोधनिबंधांसाठीची ‘केअर’ यादी आयोगाने बंद केली असून त्याची सूचना फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली. त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता विद्यार्थी, मार्गदर्शक आणि संस्था यांच्यावर आहे. चार दिवसांत स्वीकृती आणि आगाऊ पैसे, ही फसव्या नियतकालिकाची ओळख होय. वाङ्मयचौर्याविषयी २०१८ चे विनियम लागू आहेत; १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई होते.

प्रवेश नागपुरात, अधिवास मध्य प्रदेशात

पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा तोटा येथे होतो. मराठीचा मार्गदर्शक, ग्रंथालय आणि पुराभिलेख नागपुरात असल्यामुळे तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात नोंदणी करतो. परंतु बार्टी, सारथी आणि महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्याही राज्यनिहाय असल्याने मध्य प्रदेशचे जातप्रमाणपत्र दाखवून महाराष्ट्रातील राज्यस्तरीय आरक्षण मिळत नाही. महाराष्ट्रात संशोधनासाठी जाणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्यालाही हेच लागू होते. नोंदणी झाल्यावर हे कळले, तर वर्ष वाया जाते.

उपाय केंद्रीय योजनांचा आहे. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या आहेत. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल अधिछात्रवृत्ती आहे. या योजना राज्याच्या सीमेवर थांबत नाहीत. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विश्वविद्यालय ही केंद्रीय विद्यापीठे असल्याने तेथील प्रवेशात आरक्षण केंद्रीय नियमांनुसार असते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. अर्ज करण्यापूर्वी अधिवास, जातप्रमाणपत्र आणि अधिछात्रवृत्ती या तीन गोष्टींचे नियम एका कागदावर मांडून पाहावेत.

घरबसल्या मिळणारी साधने

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. आपले महाविद्यालय तीत नोंदलेले आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. लहान गावातील शासकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला महानगरातील विद्यार्थ्याइतकाच वाचनाधिकार यातून मिळतो. मात्र ही नियतकालिके मुख्यतः इंग्रजी आहेत. मराठीतील ‘नवभारत’, ‘भाषा आणि जीवन’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘युगवाणी’ यांच्या जुन्या अंकांसाठी ग्रंथालयेही पाहावी लागतात.

आयआयटी खरगपूरचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मराठी विश्वकोश ही दोन विनामूल्य साधने प्रत्येकाने वापरावीत. लेखन आरंभापासून युनिकोडमध्ये करावे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर शोधता येत नाही आणि भांडारात गेल्यावर तो वाचकाला सापडत नाही.

कामाचा क्रम

आरंभी कालखंड ठरवून त्या काळची प्रशासकीय नावे लिहून काढावीत. त्यानंतर शोधगंगा आणि चार-पाच विद्यापीठांच्या याद्या पाहाव्यात. मग छापील साधने, त्यानंतर नागपूर, छिंदवाडा व भोपाळची दप्तरे आणि शेवटी गाव, असा क्रम ठेवावा. बोलीभाषेच्या अभ्यासात मात्र तो उलटा करावा : आधी गाव आणि म्हातारी माणसे, मग ग्रंथ. ग्रंथ पुढच्या वर्षीही जागेवर असतील.

प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत आणि ध्वनिमुद्रणे माहितीदात्यांच्या संमतीने पांढुर्णा व सौंसरच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत ठेवावीत. या भागाची कागदपत्रे आजवर नेहमी दुसऱ्या गावी गेली. त्यांतील काही तरी तेथे परत यावे, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला पहिला संदर्भ आपल्याच गावात मिळेल.